तेवीस मोकळ्या जागा

"अण्णा, झोप लागली का?"

"नाही गं. वाच की पुढं."

"मग हसत का नाही तुम्ही?"

"हसायचं कुठं होतं ते सांग, हसतो."

रविवारची दुपार होती, पंखा कुरकुरत होता, आणि मी अण्णांना दामू आचाऱ्याच्या नव्या भागाची तेरा पानं वाचून दाखवली होती. तेरा पानांत मला स्वतःलाही एकदा हसू फुटलं नव्हतं. दामूच्या पुस्तकात असं आजवर कधी झालं नव्हतं.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, कऱ्हाडची. दामू आचाऱ्यावर आमच्या गावाचा भारी जीव. लग्नाकार्यात स्वयंपाक करणारा हा माणूस जिथं जाईल तिथं दागिना तरी चोरीला जायचा, नाहीतर मुडदा तरी पडायचा, आणि दामू आमटीची चव बघता बघता चोर पकडायचा. पहिल्या भागात कोठीच्या खोलीत मढं सापडतं, बायका किंचाळतात, यजमान मटकन खाली बसतात, आणि दामू झारा पुसत विचारतो, "म्हणजे एक पान कमी मांडायचं ना?" हे वाक्य गावात कुणीही कुठंही म्हणायचं. लिहिणारे द. शं. मसूरकर सर, आम्हाला शाळेत इतिहास शिकवलेले. उभ्या नोकरीत वर्गात एकदाही न हसलेला माणूस. एवढ्या सुतकी चेहऱ्याच्या माणसाला हे सुचतं तरी कसं, असं लोक कौतुकानं म्हणायचे. पाच भाग आले, मग पाच वर्षं काहीच नाही, आणि आता हा सहावा, 'दामू आचारी पुन्हा चुलीपाशी'.

मी नगर वाचनालयात ग्रंथपाल होते. स्वभावानं संशयी, हे कबूलच करते. परत आलेलं पुस्तक मी पान न् पान उलटून बघायची. तेलाचा डाग, दुमडलेला कोपरा, पेन्सिलीची खूण, काहीही सापडलं की त्या सभासदाची खैर नसायची. मागं मला 'फौजदारीण' म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील, तुकाराम बोंद्रे. घोण्यांच्या छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं कंपोझिटरचं काम केलं. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या. दामूचे पाचही भाग त्यांच्याच हातून गेले होते. चार वर्षांपूर्वी छापखाना बंद पडला, खिळे मोडीत गेले, आणि अण्णा घरी बसले. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत, अजून पिकायचाय. तेव्हापासून अण्णांचं बोलणंच आटलं होतं. नवं पुस्तक मी हातात दिलं तेव्हा त्यांनी पानावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उठाव नाही. खिळ्यांनी दाबलेलं अक्षर बोटाला लागतं. खिळ्यांचं नाही हे." पुण्याला कॉम्प्युटरवर केलंय, असं मी सांगितलं. त्यांनी अंगठा काढून घेतला.

तर पानं वाचता वाचता मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. नवव्या पानावर फौजदार दामूला विचारतो, "तुला कसं कळलं रे?" आणि त्याखाली चार ओळींची कोरी जागा. मग एकदम, "फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं." दामूचं उत्तरच नाही. पुढं बाराव्या पानावर पुन्हा तसंच. मी भराभरा पुस्तक चाळलं. अशा तेवीस जागा निघाल्या. शेवटची तर पार शेवटच्या पानावर. या भागात दामूची बायको वारलेली असते. चोर पकडून दामू घरी येतो, चूल पेटवतो, चहा करतो आणि सवयीनं दोन कप मांडतो. मग तीन ओळी कोऱ्या. मग, "चहा निवून गेला." पुस्तक संपलं.

"कुणीतरी काहीतरी गाळलंय," मी म्हटलं. "नाहीतर हे सरांचं पुस्तकच नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहून सरांचं नाव लावलंय."

मी पुढं वाचत गेले तसा अण्णांचा उजवा हात मांडीवर हलायला लागला, चिमटीनं काहीतरी उचलल्यासारखा. त्यांना काही होतंय की काय अशी शंका येऊन मी कपाळाला हात लावून पाहिला. अंग गार होतं.

आता यात माझं काय अडलं होतं? तर पुढच्या रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन होता, सरांचा सत्कार होता, आणि वाचकांच्या वतीनं प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं होतं. गाव लोटणार होतं. त्या माणसाला मी साहित्यिक म्हणून ओवाळायचं आणि पुस्तक मात्र असलं? मी ठरवलं, आठ दिवसांत छडा लावायचा आणि सभेत सगळ्यांदेखत विचारायचं. पंचाहत्तरीच्या माणसाची चार लोकांत अब्रू जाईल हे मला कळत होतं. मी म्हटलं, जाऊ दे, खोटी असेल तर जाऊ दे.

मंगळवारी निमंत्रणपत्रिका द्यायच्या निमित्तानं मी सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, इंदुकाकू, वर्षापूर्वी गेल्या होत्या. भिंतीवर त्यांचा हसरा फोटो. काकूंसारखी हसणारी बाई मी पाहिली नाही. वाचनालयात आल्या की कपाटं हलायची. घरात मात्र आता घड्याळ तेवढं वाजत होतं. सरांनी बसायला सांगितलं आणि चहा ठेवायला ते आत गेले.

टेबलावर सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. वर पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र, पुस्तक छापून झालं, हस्तलिखित साभार परत पाठवत आहोत. मी सुतळी सोडली नाही, एवढी सभ्य मी होते. नुसते कोपरे उचलून बघितले. अक्षर सरांचंच. फळ्यावर वर्षानुवर्षं पाहिलेलं ते उभं, टोकदार अक्षर. आणि त्यातही त्या कोऱ्या जागा. म्हणजे गाळलं कुणीच नव्हतं. सरांनीच मोकळ्या सोडल्या होत्या, आणि मी पाहिलेल्या प्रत्येक जागेशेजारी समासात लाल शाईची एक बारीक फुली होती. पुण्याच्या लोकांनी माशीला माशी मारून कोरी जागा तशीच छापली होती. चार-पाच फुल्या पाहून होईतो आतून कपबश्यांचा आवाज आला आणि मी टुणकन जागेवर बसले.

सर ट्रे घेऊन आले. ट्रेमध्ये तीन कप होते.

मी तिसऱ्या कपाकडे बघितलं. सरांनीही बघितलं. "चुकून," असं म्हणून ते तो कप उचलून आत ठेवून आले. माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरायला लागली. घरात तिसरं माणूस आहे! आत कुणीतरी बसलंय, आणि तेच सरांना लिहून देतंय, किंवा देत नाहीये. निघताना मी चप्पल शोधायचा बहाणा करून आतल्या खोलीत डोकावले. कुणी नव्हतं. शेजारच्या बाईंना विचारलं, सरांकडं कुणी राहायला आलंय का हो? त्या म्हणाल्या, कोण येणार, एकटेच असतात.

माझी एक वही होती, तिच्यात मी हे सगळं टिपून ठेवलं होतं. जागा तेवीस. फुल्या लाल. अक्षर सरांचं. तिसरा कप? गुरुवारी वाचनालयात बसून ती वही वाचता वाचता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाच भाग काकू असताना आले. काकू गेल्या आणि विनोद गेला. सर आपली कोरडी गोष्ट लिहायचे, फुली मारून जागा सोडायचे, आणि काकू त्या जागा भरायच्या. दामू काकूंचा होता! आणि पाच पुस्तकांवर त्या बाईचं नाव कुठंही नव्हतं. अर्पणपत्रिकेतसुद्धा नव्हतं.

मला इतका संताप आला की मी त्या दिवशी दोन सभासदांना उगाचच फैलावर घेतलं. माझ्या आईनं जन्मभर घर ओढलं आणि लग्नपत्रिकांवर नाव लागायचं काकांचं, हेही मला नेमकं तेव्हाच आठवलं. काकूंना आता मीच न्याय द्यायचा, असं मी मनाशी घेतलं.

संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "काकूंनी नाही लिहिलं ते."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत आहे, एवढं धर."

"मग कुणी लिहिलं?"

अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. "हेमा, सरांना चार लोकांत काही विचारू नकोस. माझं एवढं ऐक."

झालं! आता मला अण्णांचाच संशय यायला लागला. यांना माहीत आहे. छापखान्यात हस्तलिखितं यांच्या हातात यायची, काकूंचं अक्षर यांनी पाहिलं असणार, आणि घोणे मालकांनी यांच्याकडून वचन घेतलं असणार. मी त्यांना म्हटलं, मालक गेले, छापखाना गेला, आता कुणाची भीती? ते म्हणाले, भीती नाही. दोन दिवस आमच्या घरात भाकरी वाढ आणि पाणी दे याखेरीज बोलणं झालं नाही. मीही हट्टाला पेटले होते.

रविवारी पाच वाजता वाचनालयाचं सभागृह खचाखच भरलं. मागं लोक उभे होते. सरांना शाल, नारळ, हार झाला. हारातसुद्धा त्यांचा चेहरा पेपर तपासत असल्यासारखाच होता. मग अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी उठले, आणि तेवढ्यात दारातून शेजारच्या साळुंखेंचा हात धरून अण्णा आत आले. ते येणार आहेत हे मला सांगितलं नव्हतं. शेवटच्या रांगेत कुणीतरी त्यांना जागा दिली.

मी सहावा भाग हातात धरून वर केला. आवाज ठणठणीत निघाला.

"सर, या पुस्तकात तेवीस जागा कोऱ्या आहेत. दामू जिथं बोलायचा, नेमक्या तिथं. आधीच्या पाच भागांत या जागा कोण भरायचं? इंदुकाकू का?"

कुणीतरी खोकलं आणि अर्ध्यात थांबलं. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. त्यांनी माइक जवळ ओढला आणि पुन्हा दूर सारला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं होतं की मी जिंकले.

"मी सांगतो," मागून आवाज आला.

अण्णा उभे होते. साळुंखेंच्या खांद्यावर एक हात, दुसरा मोकळा. चार वर्षांत इतक्या मोठ्यानं बोललेले मी त्यांना ऐकलं नव्हतं.

"मी तुकाराम बोंद्रे. पस्तीस वर्षं कंपोझिंग केलंय. जुळवलेल्या पानांचा फर्मा उचलताना त्याची बांधणी सैल राहिली की खिळे सांडतात. चार-चार ओळी जातात. घाईत कुणी बघत नाही, तसंच छापतात. चूक छापणाऱ्याची आहे. आमची जातच तसली. सरांनी सगळं लिहिलेलं असणार."

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. अध्यक्ष म्हणाले, पाहिलंत, हे जाणकाराचं मत. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. सर मागच्या रांगेकडं बघत होते. खूप वेळ बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि पाण्याचा पेला उचलला.

मी मात्र उभीच होते. हे पुस्तक कॉम्प्युटरवर केलेलं होतं. त्यात सांडायला खिळे नव्हतेच. आणि हे त्या सभागृहात सगळ्यांत आधी कुणाला कळलं असेल, तर ते अण्णांना, नुसत्या अंगठ्यानं. माझ्या बापानं भर सभेत जन्मात पहिल्यांदा खोटं बोलून आपल्याच धंद्याला नाव ठेवलं होतं. मला त्यांचा मांडीवरचा हात आठवला. चिमटीनं काहीतरी उचलणारा. माझ्या हातातलं पुस्तक जड झालं.

घरी आल्यावर मी त्यांच्या समोर जमिनीवरच बसले.

"अण्णा, तुम्हीच ना?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग सावकाश सांगितलं. पहिल्या भागाच्या वेळी काकूंचं ऑपरेशन निघालं आणि सर पंधरा दिवस पुण्याला होते. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर दोनच ओळी उरल्या. पाचापेक्षा कमी ओळींचं पान सोडायचं नाही असा घोण्यांचा नियम, आणि फर्मा तर मशीनवर चढवायचा होता. पान भरायला अण्णांनी दामूच्या तोंडी तीन ओळी घातल्या. एक पान कमी मांडायचं, ते तेच. "आणि मग हाताला चटक लागली गं. खिळे समोर, सर गावाला. सगळ्या पुस्तकभर घालत गेलो."

पुस्तक बाहेर पडलं. सर परत आले आणि थेट छापखान्यात, अण्णांच्या खिळ्यांच्या केसपाशी, म्हणजे खणांच्या पेटीपाशी, येऊन उभे राहिले. हातात पुस्तक. अण्णांना वाटलं, आता नोकरी गेली. सर म्हणाले, "वाचकांची पत्रं आली आहेत." एवढं बोलून गेले. पुढच्या भागाचं हस्तलिखित आलं, त्यात कोऱ्या जागा सोडलेल्या होत्या आणि शेजारी लाल फुल्या. अण्णांनी त्या भरल्या. पाच भाग असंच चाललं. या विषयावर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

"आणि नाव?" मी विचारलं. "नाव नको होतं तुम्हाला?"

"कंपोझिटरचं नाव कुठं असतं पुस्तकावर?" अण्णा म्हणाले. "गाव हसायचं. मी येता-जाता ऐकायचो. बस झालं की."

मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, आणि रागही होता, पण तो नेमका कुणावर ते कळत नव्हतं. मी उठून चूळ भरली, आणि परत आले ते पेन्सिल घेऊनच. वाचनालयाची प्रत माझ्या पिशवीत होती. आयुष्यभर मी लोकांना पुस्तकात पेन्सिल लावल्याबद्दल झापलं होतं.

"पान नऊ," मी म्हटलं. "फौजदार विचारतो, तुला कसं कळलं रे?"

अण्णांनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवर हलला. "साहेब, उपास सांगणाऱ्याच्या मिशीला ज्या दिवशी कढी लागते, त्या दिवशी घरातलं सोनं मोजून घ्यावं."

मी लिहिलं. आधी हसले आणि मग लिहिलं. रोज दुपारी दोन-तीन जागा करत आठ दिवसांत आम्ही तेवीसच्या तेवीस भरल्या. मी पेन्सिल दाबून लिहिते, अण्णा म्हणायचे, हळू, मागं उठाव उमटेल. इतक्या वर्षांत मी माझ्या बापाला असं मजेत पाहिलं नव्हतं. शेवटच्या जागेला, दामू दोन कप मांडतो तिथं, ते जरा अडले. मग म्हणाले, "लिही. 'दोन्ही कप त्यानंच संपवले. आचाऱ्याच्या घरात उरलेलं टाकत नाहीत.'" पुढचं ते वाक्य, चहा निवून गेला, ते तसंच राहू दे, म्हणाले, गार चहा पिणारा आचारी आणखी मजेशीर. मी खळखळून हसले आणि लिहिलं.

ती प्रत मी कपाटात ठेवली. पहिल्या वाचकानं दुसऱ्याला सांगितलं, आणि महिन्याभरात त्या एका प्रतीसाठी नंबर लागले. पेन्सिलीत कुणी लिहिलंय असं लोक विचारायचे. मी म्हणायची, पुस्तक आलं तेव्हाच तसं होतं. फौजदारणीला उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

एके सकाळी सर आले. सभेनंतर ते वाचनालयात फिरकले नव्हते. मी उभी राहिले. माफी कशी मागायची याची मी रोज मनात तयारी करत होते, पण सरच आधी बोलले.

"सहावा भाग हवा आहे," सर म्हणाले. "वाचनालयाची प्रत."

नंबर होते तरी मी त्यांना ती प्रत दिली. सर सातव्या दिवशी बरोबर परत आले. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "तपासून घ्या." आणि मी काही बोलायच्या आत जिना उतरून गेले.

मी नेहमीसारखी पान न् पान उलटत गेले. नवव्या पानावर पेन्सिलीच्या ओळींशेजारी समासात लाल शाईची बारीक बरोबरची खूण होती, शाळेत पेपरवर करायचे तशी. बाराव्यावर तशीच. मी वाचनालय तासभर आधी बंद केलं आणि पुस्तक छातीशी धरून घरी पळत सुटले.

अण्णांना समोर बसवून मी एकेक पान वाचत गेले. "पहिली, बरोबर. दुसरी, बरोबर." अण्णा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, निकाल ऐकायला बसलेल्या पोरासारखे. दहाव्या खुणेला त्यांनी नाक शिंकरलं. विसाव्याला म्हणाले, "सर कडक तपासायचे, नाही का?" बाविसावीही बरोबर निघाली.

शेवटचं पान उघडलं. तिथं खूण नव्हती. चूक म्हणून कापलंही नव्हतं. आमच्या त्या दोन वाक्यांखाली उभ्या, टोकदार अक्षरात लाल शाईची एक ओळ होती. मी ती मनात वाचली, आणि मोठ्यानं वाचायला मला वेळ लागला.

"ही जागा मोकळीच होती."

पंखा कुरकुरत राहिला. मग अण्णा हळू आवाजात म्हणाले, "तिथं फुली नसणार, हेमा. हस्तलिखित माझ्या हातात आलं असतं तर मला कळलं असतं. मी आपला कोरी जागा दिसली की भरत सुटलो."

मी फक्त सुरुवातीच्या चार-पाच फुल्या पाहिल्या होत्या. शेवटच्या कागदापर्यंत मी पोचलेच नव्हते. पण ट्रेमधला तो तिसरा कप मी पाहिला होता, वहीत प्रश्नचिन्ह घालून लिहून ठेवला होता, आणि त्या घरात माणूस शोधत चपलांच्या बहाण्यानं आत डोकावले होते. मी ते अण्णांना सांगितलं. ऐकून त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"खोडरबर आहे का गं?"

मी कंपासपेटीतून आणून दिला. मी खोडते म्हटलं तर नको म्हणाले. त्यांनी माझा हात धरून आपलं बोट त्या ओळींवर ठेवून घेतलं आणि एका बाजूनं खोडायला सुरुवात केली, सावकाश, खालच्या लाल ओळीला धक्का न लावता. थोड्या वेळानं मी म्हटलं, अण्णा, गेलं सगळं, काही दिसत नाही आता.

त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला.

"अजून लागतंय," ते म्हणाले, आणि पुन्हा खोडायला लागले.